तार खुंटीला

26 जानेवारी 2023 ला सकाळी सकाळी मेव्हण्याचा व्हॉट्सअप आला. खाली तीन तिरंगे, जोडलेले हात, आणि वर चाळीस सेकंदांचा एक प्रोमो. आधी ढोल, मग बासरी, मग कापून टाकलेल्या भाताच्या शेतात उभी एक म्हातारी, वाऱ्यानं पदर उडतोय, आणि स्क्रीनभर मोठ्या अक्षरांत "पहले कर्तव्य, फिर आँसू". मेव्हणा म्हणतो, अंगावर काटा आला राव, आपल्या बेळगावची बाई आहे म्हणे. दुपारपर्यंत तोच प्रोमो मला अकरा जणांनी पाठवला. एकानं तर ते वाक्य डीपीला लावलं.

मी सगळ्यांना अंगठा पाठवला आणि गप्प बसलो. कारण ते वाक्य त्या आज्जीनं कधी म्हटलेलंच नाही. ते मी म्हटलंय. तिच्या घराच्या सोप्यात, एका हातात चहाचा कप धरून, घाईघाईत.

आता सगळं सांगायला हवं.

बेळगावच्या शहापुरात आमचं छोटं फोटो स्टुडिओचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, लग्न, बारसं, जावळ, वैशाखात शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या चित्ररथांचं शूटिंग, आणि हल्ली ते प्री-वेडिंग, त्यासाठी पहाटे उठून राजहंसगडावर जायचं आणि नवरदेवाला धुक्यात पळायला लावायचं. डॉक्युमेंटरी वगैरे आपला प्रांत नाही. पण 2022 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या ओळखीच्या एका कॅमेरामनचा फोन आला, म्हणाला, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीची एक मालिका करतोय, देशासाठी काहीतरी केलेली साधी माणसं, एकेकावर बावीस मिनिटं, एक एपिसोड तुमच्या बेळगावकडं आहे, तर लोकल माणूस पाहिजे, मराठीचं हिंदी करणारा, गाडी बघणारा, जेवणाचं बघणारा. दिवसाला अडीच हजार. म्हणलं येतो.

टीम आली ती नेमकी 1 नोव्हेंबरला. बेळगावचा वाचक इथंच हसायला लागला असणार. 1956 साली याच तारखेला राज्यांची फेररचना होऊन आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, ज्याचं पुढं कर्नाटक झालं, त्यामुळं 1 नोव्हेंबरला गावात एका बाजूला राज्योत्सव, चन्नम्मा सर्कलला लाल-पिवळे झेंडे आणि डीजेच्या भिंती, आणि दुसऱ्या बाजूला मराठी लोकांची काळ्या दिवसाची फेरी, काळ्या फिती, काळे झेंडे. एकच गाव, एकच तारीख, मधे पोलिसांच्या गाड्या. त्या मधोमध आमची इनोव्हा दीड तास अडकली. डायरेक्टर उत्तरेकडचा पोरगा, तिशीचा, हुशार, त्यानं काच खाली करून विचारलं, "आज कौनसा त्योहार है?" ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला, मी ड्रायव्हरकडं. ड्रायव्हर कन्नड, मी मराठी, दोघं वीस वर्षं एकमेकांना ओळखतो, दोघांनाही ते एका वाक्यात सांगता येईना. महाजन आयोग, 1967 चा अहवाल, 2004 पासनं सुप्रीम कोर्टातली केस, हे सगळं मी सांगायला लागलो तर तो म्हणाला, मतलब ये लोग मराठी बोलते हैं तो ये महाराष्ट्र ही हुआ ना? ड्रायव्हर मोठ्यानं हसला. मीबी हसलो. दुसरं काय करणार.

पुढं फिल्ममध्ये गावाच्या नावाची पाटी कशी द्यायची यावरनं त्यांचं बराच वेळ चाललं होतं, बेळगाव लिहायचं की बेळगावी, आणि खाली राज्य लिहायचं का. शेवटी काय लिहिलं माहितीये का? "दक्षिण भारत के एक छोटे से गाँव में". संपला सीमाप्रश्न.

गावाचं नाव मीपण लिहीत नाही, वेगळ्या कारणानं, त्या लोकांना त्रास नको. राकसकोप धरणाच्या रस्त्याला आहे एवढं बास. त्या पट्ट्यात भात, रताळी, काजू, आणि मिलिटरी. पहाटे त्या रस्त्यानं गेलात तर अंधारात पोरं पळताना दिसतात, भरतीचे सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचे म्हणून, आणि हल्ली मुलीपण. 2019 च्या ऑगस्टात महिला मिलिटरी पोलिसांच्या भरतीचा मेळावा बेळगावात झाला तेव्हापासनं त्या पळणाऱ्यांत वेण्या जास्त दिसायला लागल्यात असं माझं निरीक्षण, चूकही असेल. आमच्याकडं मिलिटरी ही काही लांबची भव्य गोष्ट नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर 1922 पासनं कॅम्पात आहे. सुट्टीवर आलेला जवान म्हणजे कॅन्टीनची बॅग, सिमेंटच्या चार पोत्यांची चौकशी आणि बहिणीचं लग्न. पलटणीतला कन्नड घरातला पोरगापण "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणतच धावतो, आणि गावाकडं येऊन आईशी कन्नडमध्ये भांडतो. यात कुणाला काही विशेष वाटत नाही. बाहेरच्याला सांगायला गेलं की विशेष वाटायला लागतं.

तर एपिसोड होता आज्जीच्या नवऱ्यावर. नवरा जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठ्यात. 1971 च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानात जमालपूरला पाय गेला. पुण्याला वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात लाकडी पाय बसवून घरी आला, गावात पिठाची गिरण घातली आणि त्या पायावर पुढची तीस वर्षं दिवसभर उभं राहून गावाचं दळण दळलं. वारून बरीच वर्षं झाली. पाय मात्र आहे. माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला, चामड्याचे पट्टे वाळून कडक झालेले, आणि पट्ट्यांच्या शिवणीत अजून पीठ. खोटं नाही सांगत, पीठ. कॅमेरामननं तो पाय खिडकीच्या उजेडात ठेवून जो शॉट घेतला त्याला तोड नाही, मी लग्नाच्या कामात वीस वर्षांत तसला एक शॉट घेतला नसेल. फिल्म वाईट आहे असं मला म्हणायचंच नाहीये. तो शॉट बघताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

घोळ झाला तो बोलण्यात.

पहिला घोळ "माताजी" वरनं. डायरेक्टर आज्जीला माताजी म्हणायचा आणि आज्जी मागं वळून बघायची, कुणी बाई आली काय म्हणून. त्यांना आमच्याकडं सगळं गाव आज्जी म्हणतं, मीपण आज्जीच म्हणतो. दुसरा घोळ जास्त मोठा. त्यानं कॅमेरा चालू करून, आवाज खाली आणून, अगदी मनापासून विचारलं, "माताजी, आपके पति ने देश के लिए इतना बड़ा बलिदान दिया. आपको गर्व हुआ?"

आज्जीला हिंदी सिनेमापुरतं कळतं. तिनं त्यातला एक शब्द उचलला, आणि तिचा चेहराच बदलला. म्हणाली, "गर्व? गर्व कशाचा गा? आमच्या घरात कुणालाबी गर्व न्हाई. इचार गावात. गिरणीत उधारी न्हाई म्हटलं न्हाई कधी माणसानं. कोण म्हणालं तुला गर्व हाय म्हणून?"

आता हे हिंदीत कसं करायचं सांगा. तिकडं गर्व म्हणजे छाती फुगवायची गोष्ट, आपल्याकडं गर्वाचं घर खाली. तिला वाटलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काहीतरी चुगली केलीय आणि हे मुंबयचे पावणे चौकशीला आलेत. सून आतनं आली, तिनं समजूत घातली, मी सांगितलं की आज्जी, अभिमान वाटला काय असं विचारतायत. तर ती म्हणाली, "मग तसं इचार की." आणि मग जरा वेळ गप्प बसून म्हणाली, "त्या दिशी म्हस अडली व्हती."

मी डायरेक्टरला म्हणलं, एक मिनिट.

पुढचं तिनं जे सांगितलं ते असं. मी माझा छोटा रेकॉर्डर बॅकअपला लावलेला असतो, लग्नात मंत्र रेकॉर्ड करायची सवय, म्हणून माझ्याकडं ते अकरा मिनिटांचं सगळं आहे. डिसेंबरातलं होतं, मळणी उरकत आलेली. रात्री पोस्टमन तार घेऊन आला. तार इंग्लिशमध्ये. गावात इंग्लिश वाचणारा एकटा मास्तर, तोही त्या दिवशी आपल्या गावी गेलेला, सकाळच्या गाडीनं येणार. आणि त्या काळात तार आली म्हणजे काय ते कुणाला वाचून सांगायची गरजच नव्हती, तार दारात दिसली की बायका रडायला बसायच्या, वाचायचं मग. तशी गल्ली जमली. सासूनं कपाळ बडवून घ्यायला सुरुवात केली. आणि गोठ्यात म्हस अडलेली, रेडकू उलटं आलेलं, दोन पाय बाहेर, आणि ज्याच्या हाताला त्याची सवय तो गडी घाबरून तारेकडंच बघत उभा. ही वीस-एकवीस वर्षांची पोर, लग्नाला तीन वर्षं, त्यातले नवऱ्याबरोबरचे दिवस हातावर मोजण्यासारखे. हिनं तार पोस्टमनच्या हातातनं घेतली, सोप्यातल्या खुंटीला अडकवली, आणि हाताला तेल लावून गोठ्यात गेली.

तिचेच शब्द देतो, रेकॉर्डरवर आहेत. "तार तशीच खुंटीला. म्हणलं, मेला असंल तर सकाळीबी मेलेलाच असणार. म्हस काय सकाळपतूर थांबत न्हाई."

सोप्यात सगळे गप्प. म्हणजे मराठी कळणारे आम्ही तिघं चौघं गप्प. बाकीची टीम आमच्या तोंडाकडं बघतेय. डायरेक्टर हलक्या आवाजात म्हणतो, क्या कहा, क्या कहा?

मी काय म्हणालो असेन? मला आजही नीट सांगता येत नाही की मी ते का केलं. एक तर म्हस कशी सांगायची हे कळेना, तारेच्या आणि मरणाच्या मधे म्हस आली की मुंबईच्या माणसाला ती विनोदी वाटेल अशी भीती वाटली. ही बाई कठोर वाटेल, नवऱ्याचं काही वाटलंच नाही असं वाटेल. मला वाटलं मी तिला वाचवतोय. म्हणून मी म्हणालो, "वो कह रही हैं कि तार आया, पर घर का काम सामने था... मतलब, पहले कर्तव्य, फिर आँसू."

"वाह," डायरेक्टर म्हणाला. आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. साऊंडवाल्यानं हेडफोन काढला. आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. आपण काहीतरी भारी बोललो असं वाटलं. संध्याकाळी बायकोला सांगितलंसुद्धा.

नंतर विचार करताना कळलं की ते वाक्य माझंपण नव्हतं. कर्तव्य, मान, साहस हे मराठा रेजिमेंटचं ब्रीद, लहानपणापासनं डोळ्यांत बसलेलं, तिथनं कर्तव्य आलं. आणि बाकीचं आलं ते त्या आवाजातनं. माझ्या वयाच्या लोकांना तो आवाज माहिती आहे. कॅम्पातल्या ग्लोबला पिक्चर बघायला जायचो तेव्हा आधी फिल्म्स डिव्हिजनची रीळ लागायची, 1948 पासनं सरकारचं ते खातं, आणि थिएटरवाल्यांना ती दाखवणं सक्तीचंच होतं. धरण, पूर, कारखाना, चरखा, हात हलवणारे पंतप्रधान, आणि वर तो जड, गोलाकार आवाज. लोक मुद्दाम उशिरा यायचे, दारात विचारायचे, रीळ संपली काय? पण आमच्यासारखी पोरं पहिल्यापासनं बसायची कारण तिकिटाचे पैसे वसूल करायचे असायचे. त्या रिळांत शेतकरी दिसायचे, कोळी दिसायचे, विणकर दिसायचे, सगळे काम करताना, सगळे हसताना, पण एकाचाही आवाज ऐकू यायचा नाही. तोंड हलायचं आणि वरनं तो माणूस सांगायचा की हे काय म्हणतायत. मग 1988 ला दूरदर्शनवर चेतन आनंदांची परमवीर चक्र मालिका आली, आमच्या गल्लीत दोन टीव्ही, तिथं पन्नास माणसं, आणि दुसऱ्या दिवशी मैदानात आम्ही सगळे मरायचो, एकानंही जगायचं नाही असा नियम. असल्या शाळेत शिकलेल्या माणसापुढं म्हस आली तर तो काय करणार? म्हस बाहेर बांधणार आणि आत कर्तव्य आणून बसवणार.

आपल्याच जिल्ह्यात याच्या उलटं एकदा झालेलं आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं. निपाणीत. निपाणी म्हणजे तंबाखू, आणि तंबाखू म्हणजे वखारी, आणि वखारीत बायका. 1981 चं शेतकऱ्यांचं तंबाखू आंदोलन, तो हायवेवरचा मुक्काम, तो गोळीबार, हे आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच काळात वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली होती, हे आमच्या घरात मी तरी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांच्यावर 1982 साली दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटानं एक फिल्म केली. ब्लॅक अँड व्हाइट, अर्ध्या तासाच्या आतली. आता ती नेटवर सापडते. मी दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना बघितली. त्यात बायका बोलतात. बास, एवढंच. आपल्या मराठीत, एकमेकींचं तोडत, हसत, चिडत. मजुरी किती, धूळ किती, मालक काय म्हणतो. मी लहान असताना आमच्याकडं निपाणीची एक मावशी यायची, ती आली की तिच्या लुगड्याच्या वासानं आम्ही शिंकायचो आणि तिला चिडवायचो. फिल्म बघताना तो वास आला. त्यात कुठं झेंडा नाही, ढोल नाही, देश हा शब्द मला तरी आठवत नाही. 26 जानेवारीला ती कुणी फॉरवर्ड करणार नाही. पण देशातल्या माणसांबद्दल मला जे त्या बावीस मिनिटांतनं कळलं नाही ते त्यातनं कळलं, आणि ती बनवणाऱ्यांना एका गोष्टीचं भय वाटलेलं दिसत नाही, की बायका असंच बोलल्या तर लोक काय म्हणतील.

प्रोमो आल्यावर दोन-तीन रात्री झोप लागेना तेव्हा मी जमालपूरचं वाचत बसलो. म्हणलं जिथं पाय गेला ते गाव तरी बघू. तिथली एक गोष्ट पलटणीत सगळ्यांना माहिती आहे. 9 डिसेंबर 1971. ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून पत्र पाठवलं. तिकडनं लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तर दिलं, आणि कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. पुढं 10 च्या रात्री त्यांच्या फौजेनं बाहेर पडायचा प्रयत्न केला तो थेट पहिल्या मराठ्याच्या नाक्यावर, आणि 11 च्या सकाळी जमालपूर पडलं. गोळी गुंडाळलेलं पत्र, सांगायला काय मस्त गोष्ट आहे. फिल्ममध्येपण आहे, ग्राफिक्ससकट.

पण ते पत्र नेलं कुणी? मुक्तिवाहिनीतला एक माणूस होता, मुन्शी आडनावाचा. पांढरं निशाण घेऊन शत्रूच्या मोर्चापर्यंत गेला, मार खाल्ला, आणि तरी उत्तर घेऊन परत आला. दोन्ही बाजूंचे कर्नल-ब्रिगेडियर काय म्हणाले ते सगळ्यांना पाठ, आणि मधला माणूस फिल्ममध्ये अर्ध्या वाक्यातसुद्धा नाही. आणि बघा, आपल्या रेजिमेंटला दुसऱ्या महायुद्धात दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. घाडगे तिथंच पडले. जाधव जगले. जाधव कोण होते? कंपनीचे रनर. निरोप नेणारे. 9 एप्रिल 1945, इटलीत सेनिओ नदी, सगळे मेलेले किंवा जखमी, या माणसानं आधी एका जखमीला खोल पाण्यातनं आणि सुरुंगांतनं पलीकडं सोडलं, मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं, आणि मग परत जाऊन मशीनगनची ठाणी गप्प केली. हाताला लागल्यावर टॉमीगन चालवता येईना तर बॉम्ब फेकले. शेवटी बांधावर चढून गर्जना करत मागच्यांना हातानं बोलावलं. मला त्यात राहून राहून तो रनर शब्द दिसायला लागला. निरोप जसाच्या तसा पोचवायचा हे ज्याचं काम. मी दिवसाला अडीच हजार घेऊन सोप्यातनं सोप्यात एक वाक्य नेऊ शकलो नाही, मधे सुरुंग नव्हते का नदी नव्हती.

फेब्रुवारीत एका रविवारी गाडी काढली आणि गेलो. बरोबर लॅपटॉप घेतला, किलोभर कुंदा घेतला. वाटेत दोनदा वाटलं परत फिरावं.

आज्जीनं फिल्म बघितलेली नव्हती. नातवानं मोबाईलवर दाखवली होती पण "त्या एवढ्याशात काय दिसतंय" म्हणून तिनं सोडून दिलेली. मी सोप्यात स्टुलावर लॅपटॉप लावला. सून, नातू, शेजारची दोघं, आणि आज्जी पुढं, पाय लांब करून. नवऱ्याचा वर्दीतला फोटो हळूहळू मोठा होत आला तेव्हा ती पदर सावरून बसली. लाकडी पाय आला तेव्हा म्हणाली, "माळ्यावर धूळ बसलीया, पुसायचा तरी." मग तिचं तोंड आलं, ढोल आला, वाक्य आलं. नातवानं मोठ्यानं वाचलं.

"काय म्हणतंय?"

नातवानं मराठी करून सांगितलं. आधी काम, मग रडणं, असं तू म्हणालीस म्हणे.

"मी?"

नातू माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, आज्जी, तुम्ही म्हशीचं सांगितलं होतं, ते मी जरा...

"जरा काय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हणलं, चुकलं माझं. ती बराच वेळ काही बोलली नाही, कुंद्याचा पुडा सुनेकडं सरकवला. मग म्हणाली, "आन् रडले कधी म्हणायचं मी? रडायचं काय काम व्हतं? मास्तर सकाळी आला, वाचलं, म्हणाला जखमी हाय, दवाखान्यात हाय. मग काय रडायचं? मग तर चीक काढला, समद्यांस्नी वाटला." जरा थांबून, "रडले म्हणजे रडले, पण ते लई मागनं. त्यो लाकडाचा पाय पहिल्यांदा बघितल्यावर. ते न्हाई सांगितलं मी तुमास्नी." सून एकदम तिच्याकडं बघायला लागली. तिलाही हे नवीन असावं.

फिल्म पुढं चालूच होती. कुणाचं लक्ष नव्हतं. एकदम आज्जी ओरडली, "थांब थांब. मागं घे."

मी मागं घेतलं. काही नव्हतं तिथं, बी-रोल, दोन सेकंदांचा शॉट, गोठ्यात कडबा टाकणारे तिचे हात आणि कडेला म्हशीचा एक कान आणि अर्धं शिंग. "आली की गा म्हस. ही बघ. अगं ये, बघ ही." तिनं शेजारच्या बाईला हाक मारून आत बोलावलं. मला तीन वेळा मागं घ्यायला लावलं. ही त्या रात्रीच्या रेडीच्या वंशातली, पणती का खापरपणती यावर सासूसुनेची जुंपली, मधली एक विकलेली की मेलेली यावर हिशेब अडला.

मग मी बॅगेतनं रेकॉर्डर काढला आणि तिचं ते अकरा मिनिटांचं सगळं लावलं. ती कान लावून ऐकत होती, आपलाच आवाज ऐकून पहिल्यांदा जरा लाजली, मग सवय झाली. तार तशीच खुंटीला, इथपर्यंत आलं आणि तिनं हात वर केला.

"हितं चुकलं. तार रातची न्हवं, दिवेलागणीला आलीती. आन् गडी घाबरला न्हवता, त्यो प्यायला व्हता. कॅमेऱ्याम्होरं कसं म्हणायचं म्हणून घाबरला म्हणलं."

म्हणलं आज्जी, तुम्हीपण?

ती हसली, तोंडावर पदर घेऊन, चांगलीच हसली. मग स्टुलावरचा लॅपटॉप हातानं जरा बाजूला सारला आणि म्हणाली, "लाव तुझं ते. नीट सांगते."

माईक आणला नव्हता. रेकॉर्डरची बॅटरी संपत आलेली. मोबाईल काढून तिच्या मांडीपाशी ठेवला, मागं गिरणीचा पट्टा फटफटत होता, आता ती पुतण्या चालवतो, तो बंद करा म्हणून सांगायला नातू उठला तर ती म्हणाली, असू दे, चालंल. लाल टिकली दिसायला लागली.

"म्हस काळी व्हती," ती म्हणाली. "कपाळाला चांद. माझ्या म्हायेरनं आणलेली..."